पंपाच्या मोबाईल स्टार्टरचे फर्मवेअर सीऐवजी रस्टमध्ये लिहावे का?

अंबडचा फर्मवेअरवाला

नाशिक परिसरात मोटर स्टार्टर, ठिबकचे कंट्रोलर आणि फेज फेल्युअर रिले बनवणारे लहान कारखाने पुष्कळ आहेत, आणि माझ्या पाहण्यात त्यांतले बहुतेक फर्मवेअर (चिपमध्ये बसवलेला कार्यक्रम) आजही सी भाषेतच लिहिले जाते. आमच्या गाळ्यात सध्या नव्या स्टार्टरची रचना चालू आहे. त्यासाठी ३२ बिटांचा कॉर्टेक्स-एम घराण्यातला कंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, नक्की झाला आहे. फर्मवेअर मात्र सीमध्ये लिहावे की रस्ट या तिच्यापेक्षा नव्या भाषेत, यावर एकमत होत नाही. इथे या क्षेत्रातली जाणकार मंडळी आहेत, म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडतो.

चर्चेला निमित्त झाले ते दुरुस्तीला आलेल्या एका स्टार्टरचे. दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेतला हा स्टार्टर दुसऱ्या कुणी बनवलेला होता. विहिरीत भरपूर पाणी असतानाही तो अधूनमधून 'ड्राय रन' (पाण्याविना चालणारा पंप) दाखवून पंप बंद करत असे. लाइट जाऊन परत आली की काही दिवस सुरळीत चालायचा आणि मग पुन्हा तेच. व्होल्टेज, करंट ट्रान्सफॉर्मर, वायरिंग हे सगळे तपासून झाल्यावर दोष सापडला तो एसएमएस वाचणाऱ्या भागात. तिथे येणारा संदेश २०० बाइटांच्या ॲरेत (स्मृतीतल्या सलग कप्प्यांत) स्ट्रकॉपी या लांबी न तपासणाऱ्या फंक्शनने उतरवला जात होता. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांपलीकडे जात नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला २०० बाइट पुरेसे वाटले असावेत. मराठी किंवा हिंदी संदेश मात्र युनिकोडमध्ये येतो. तो ७० अक्षरांचाच असला, तरी टेक्स्ट पद्धतीत चालणारा मोडेम त्यातले प्रत्येक अक्षर चार सोळामानी अंकांनी कळवतो, म्हणजे कंट्रोलरकडे २८० अक्षरे येतात. सिमकार्डाच्या कंपनीची एखादी जाहिरात आली की उरलेली ८० अक्षरे ॲरेबाहेर सांडत, आणि ॲरेला लागूनच ड्राय रनची करंट मर्यादा (मोटर याहून कमी करंट घेऊ लागली की पाणी नाही असे समजायचे) ठेवलेली होती. देवनागरी अक्षराचा संकेतांक ०९ने सुरू होतो. हे दोन अंक अक्षररूपाने स्मृतीत बसले की १६ बिटांची संख्या म्हणून त्यांची किंमत १४,६४० होते, आणि तिथे रिकाम्या जागेचे ०० आले तरी १२,३३६ होतेच. मर्यादा अँपिअरच्या शतांशात मोजलेली असल्याने स्टार्टरच्या लेखी मोटरने किमान १२३ अँपिअर घ्यायला हवे होते. वीज गेल्यावर खरी मर्यादा ईईप्रॉममधून (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीतून) पुन्हा वाचली जाई, म्हणून तेवढ्यापुरता दोष नाहीसा व्हायचा.

सीच्या कंपायलरने (लिहिलेल्याचे चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने) यावर एक शब्दही काढला नाही. रस्टमध्ये ॲरेसोबत त्याची लांबी जाते आणि मर्यादेबाहेरचे लेखन होऊच दिले जात नाही. हीप (कार्यक्रम चालू असताना मागून घेतलेली स्मृती) न वापरणाऱ्या प्रकल्पांसाठी हीपलेस नावाचे ग्रंथालय आहे. त्यातल्या २०० बाइटांच्या स्ट्रिंगमध्ये जास्तीचा मजकूर घालू गेल्यास 'जागा नाही' असा निकाल परत येतो, आणि तो निकाल तपासला नाही तर कंपायलर इशारा देतो. याशिवाय एका वेळी एखाद्या बफरचा (माहिती तात्पुरती ठेवण्याच्या जागेचा) मालक एकच असतो, आणि तो बफर इतर कुणी वाचत असताना त्यात लिहिता येत नाही. मालकीचे हे नियम कंपाइल होतानाच तपासले जातात, त्यासाठी गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली स्मृती गोळा करणारा भाग) लागत नाही.

रस्टची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५मध्ये आली, आणि डिसेंबर २०१८च्या १.३१ आवृत्तीपासून कॉर्टेक्स-एमसाठी स्थिर कंपायलरवर काम करता येऊ लागले, म्हणजे भाषा आता कोवळी राहिलेली नाही. तरीही आमच्यासारख्या चार-पाच माणसांच्या गाळ्याने तिच्यावर उत्पादन उभे करावे का? स्मृतीचा आकार, मनुष्यबळ, जुन्या सी ग्रंथालयांशी जुळणी आणि पुढची दहा-पंधरा वर्षे दुरुस्ती या चारही अंगांनी मते हवी आहेत.

सातपूरकर

उदाहरण चांगले आहे, पण ते सी भाषेविरुद्धचा पुरावा ठरत नाही. लांबी न तपासता स्ट्रकॉपी वापरणे हे आमच्याकडे पहिल्याच तपासणीत नाकारले जाते. मिस्रा या वाहन उद्योगातल्या संस्थेचे सीसाठीचे नियम १९९८पासून उपलब्ध आहेत आणि ते तपासणारी साधने बाजारात मिळतात. ज्याने नियम पाळले नाहीत, त्याच्या हाती नवी भाषा दिली म्हणून तो शिस्तीचा होईल, असे मला वाटत नाही.

दुसरे म्हणजे, रस्टच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा आकडा आपल्याला तसाच लागू होत नाही. दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या गैरवापराचे असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये सांगितले, आणि क्रोम ब्राउझरच्या गंभीर दोषांचेही प्रमाण तितकेच निघाले. पण ते कार्यक्रम अखंड हीप वापरतात. त्यांतले बरेच दोष मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरण्याचे असतात. आमच्या रिलेमध्ये मॅलॉक (हीपवर जागा मागणारे फंक्शन) नावालाही नसतो. सर्व चल आधीच जागा ठरवून ठेवलेले असतात. त्यामुळे दोषांचा तो मोठा गट आमच्याकडे मुळातच उद्भवत नाही.

तिसरा मुद्दा कंट्रोलरचा. आमची अर्धी उत्पादने अजून ८०५१ आणि पिक (PIC) घराण्यातल्या आठ बिटांच्या चिपांवर चालतात. रस्टचा कंपायलर एलएलव्हीएम या कंपायलर बांधण्याच्या पायावर उभा आहे आणि एलएलव्हीएममध्ये या चिपांसाठी आधारच नाही. एव्हीआरसाठी आहे, परंतु त्याला अजून नाइटली (रोज निघणारा प्रायोगिक) कंपायलर लागतो, आणि नाइटलीवर विकायचे उत्पादन बांधायला मी तयार होणार नाही.

चौथा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेतावरच्या पेटीत कॉन्टॅक्टर (मोटर जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) तुटतो-जुळतो तेव्हा उठणारा गोंगाट, पावसाळ्यातली वीज आणि रात्री दोनशेखाली उतरलेले व्होल्टेज यांनी रॅममधला बिट उलटला, तर कंपायलरने काय सिद्ध केले होते याला अर्थ राहत नाही. कॉइलवर गोंगाट शोषणारा स्नबर, पुरवठ्यावर उसळी अडवणारा एमओव्ही, व्होल्टेज उतरल्यावर होणारा ब्राउनआउट रिसेट, अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग आणि सेटिंगवर चूक ओळखणारा सीआरसी एवढे धड केलेले नसेल, तर रस्ट म्हणजे पडक्या वाड्याला नवे कुलूप. आधी हे करा, मग भाषेचे बोला.

अंबडचा फर्मवेअरवाला

सातपूरकर साहेब, हार्डवेअरबद्दल आपण म्हणता ते सगळे मान्य आहे, आणि आठ बिटांच्या चिपांवर चालणारे उत्पादन बदलावे असे मीही म्हणत नाही. हीपबद्दलचा आपला मुद्दाही बरोबर आहे. मात्र हीप वगळल्यावरही दोन गट शिल्लक राहतात. एक मर्यादेबाहेरच्या लेखनाचा, ज्याचे उदाहरण वर दिले. दुसरा मुख्य लूप आणि इंटरप्ट (मुख्य काम मध्येच थांबवून चालणारा भाग) यांच्यातल्या सामायिक माहितीचा. माझ्या मते आपल्या धंद्यात दुसरा गट अधिक त्रासदायक आहे, कारण तो टेबलावर कधीच सापडत नाही.

समजा, एडीसीचा (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या घटकाचा) इंटरप्ट आर, वाय आणि बी या तिन्ही फेजची व्होल्टेज मोजून तीन जागतिक (कार्यक्रमात कुठूनही वापरता येणाऱ्या) चलांत ठेवतो आणि मुख्य लूप ती वाचून असंतुलन काढतो. लूपने आर वाचला, त्याच क्षणी इंटरप्ट आला आणि तिन्ही किमती बदलल्या, तर लूपच्या हातात आर जुना आणि वाय, बी नवे राहतात. व्होल्टेज स्थिर असेपर्यंत काही बिघडत नाही. शेजारच्या डीपीवर एकदम चार पंप सुरू झाले की स्टार्टर विनाकारण ट्रिप होतो. सीमध्ये त्या चलांवर व्होलाटाइल लिहिले की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात व्होलाटाइल वाचन टाळू देत नाही एवढेच. तिन्ही वाचने एकसंध होण्याची हमी ते देत नाही.

रस्टमध्ये बदलता येणारा जागतिक चल थेट वापरायचा तर अनसेफ (इथे कंपायलरची हमी नाही अशी खूण) लिहावे लागते, आणि २०२४च्या एडिशनमध्ये अशा चलाचा संदर्भ घेतला तर कंपायलर मुळातच त्रुटी देतो. साधा सेल (आतली किंमत बदलू देणारा डबा) ठेवू गेल्यास तो इंटरप्टशी वाटून घेण्याजोगा नाही, म्हणून कंपाइल होत नाही. शेवटी क्रिटिकल सेक्शनमधल्या (इंटरप्ट थांबवून चालवलेल्या तुकड्यातल्या) म्युटेक्समध्ये, म्हणजे कुलूपबंद डब्यात, तिन्ही किमती एकत्र ठेवाव्या लागतात, आणि तो म्युटेक्स उघडायचा तर इंटरप्ट थांबवल्याचा पुरावा म्हणून एक टोकन द्यावे लागते. जे आपण तपासणीच्या यादीत लिहितो, ते इथे भाषेच्या व्याकरणात बसवलेले आहे. तपासणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी थकतो, कंपायलर थकत नाही.

कॉलेजरोड

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवते. वरच्या विवेचनाला एक दुरुस्ती सुचवते, कारण नवशिके नेमके इथेच फसतात. तीन फेजसाठी तीन स्वतंत्र ॲटॉमिक (एका झटक्यात वाचले-लिहिले जाणारे) चल ठेवले, तर रस्टचा कंपायलर काहीच तक्रार करणार नाही आणि आर जुना, वाय नवा हा गोंधळ तसाच राहील. भाषा डेटा रेस, म्हणजे एकाच चलावर एकाच वेळी होणारे अनियंत्रित वाचन-लेखन, रोखते. कोणत्या किमती एकत्र वाचल्या पाहिजेत हे तिला ठाऊक नसते, ते रचना करणाऱ्यालाच ठरवावे लागते. तसेच कॉर्टेक्स-एम०मध्ये ॲटॉमिक चलाची तुलना-व-अदलाबदल करणाऱ्या सूचनाच नाहीत, त्यामुळे त्या चिपांवर अखेर इंटरप्ट थांबवण्याचाच मार्ग उरतो.

आता आकाराबद्दल. प्रयोगशाळेत सहज मिळणाऱ्या एसटीएम३२एफ१०३सी८ या चिपमध्ये ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम असते, आणि स्टार्टरचे संपूर्ण फर्मवेअर त्यात रस्टमध्ये बसते. अट एवढीच की डीबग बिल्ड (चाचणीसाठी बांधलेली प्रत) पाहून घाबरू नये. रिलीझ बिल्डमध्ये (विक्रीसाठी बांधलेल्या प्रतीत) आकारासाठी ऑप्टिमायझेशन, एलटीओ (तुकडे जोडतानाची काटछाट) आणि पॅनिकला (चूक आढळून कार्यक्रम थांबण्याला) ॲबॉर्ट एवढे केले की आकडा एकदम खाली येतो. सर्वांत जास्त जागा खातो तो मजकूर छापण्याचा भाग. एक संख्या सिरियलवर पाठवण्यासाठी भाषेचे फॉरमॅटिंग वापरले की काही किलोबाइट त्यातच जातात. डीफेम्ट नावाचे साधन यासाठी उत्तम आहे, कारण ते संदेशांचा मजकूर चिपवर ठेवतच नाही; चिप फक्त क्रमांक आणि किमती पाठवते, आणि वाक्य संगणकावर जुळवले जाते.

साधने बसवण्याच्या बाबतीत रस्ट सीपेक्षा सोपी आहे, असे मी बिनदिक्कत म्हणेन. रस्टअपने टार्गेट (कुठल्या प्रकारच्या चिपसाठी बांधायचे ते) जोडायचे, कार्गोने बांधायचे आणि प्रोब-आरएसने एसटी-लिंकमार्फत चिपवर चढवायचे. विद्यार्थ्यांना जड जातो तो बॉरो चेकर (मालकीचे नियम तपासणारा कंपायलरचा भाग), आणि तोही विशेषतः ज्यांना सीची सवय आहे त्यांना. कुठल्या पेरिफेरलचा (चिपमधल्या टायमर, सिरियल अशा घटकाचा) मालक कोण, हा प्रश्न त्यांनी पूर्वी स्वतःला कधी विचारलेलाच नसतो. उलट पिनचे प्रकार त्यांना पटकन आवडतात. इनपुट म्हणून नेमलेल्या पिनवर हाय लिहू गेले तर कंपाइलच होत नाही, कारण इनपुट पिनच्या प्रकाराला ती क्रियाच नसते.

अडचण सांगायची तर ग्रंथालयांच्या आवृत्त्यांची. सेन्सरचे ड्रायव्हर कुठल्याही चिपवर चालावेत म्हणून असलेला एम्बेडेड-एचएएल हा सामायिक पाया जानेवारी २०२४मध्ये १.० झाला. त्याआधीच्या ०.२वर लिहिलेले ड्रायव्हर अजून आंतरजालावर विखुरलेले आहेत आणि नव्या पायाशी ते थेट जुळत नाहीत. ज्याला वायफाय हवे त्याने ईएसपी३२ घराण्यातली सी३ चिप घ्यावी. ती रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर रचनेवर असल्याने नेहमीचा कंपायलर चालतो. मूळच्या ईएसपी३२साठी मात्र एक्सटेन्सा प्रोसेसरमुळे निराळा कंपायलर बसवावा लागतो.

निफाडची बाग

मी शेतकरी आहे, त्यामुळे वरचे निम्मे डोक्यावरून गेले, तरी माझा प्रश्न वेगळा आहे. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर फुटीच्या दिवसांत पाणी वेळेवर मिळाले नाही की नुकसान माझे होते, स्टार्टर बनवणाऱ्याचे होत नाही. आता जो स्टार्टर आहे तो बिघडला तर पिंपळगावात तो उघडून पाहणारी माणसे आहेत. उद्या तुम्ही नव्या भाषेत बनवलात आणि तुमचा गाळा बंद झाला, किंवा ती भाषा येणारा एकच मुलगा पुण्याला निघून गेला, तर मी कुणाच्या दारात जायचे? आणि गडबड झाल्यावर ही भाषा कार्यक्रम थांबवते म्हणता, तर माझा पंप बंद पडेल की चालूच राहील?

अंबडचा फर्मवेअरवाला

भाऊ, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मर्यादा ओलांडली गेली की रस्टचा कार्यक्रम पॅनिक होतो. संगणकावर तो संदेश छापून बंद पडतो. चिपवर मात्र पॅनिक झाल्यावर काय करायचे ते आम्हीच लिहून द्यावे लागते, तो भाग नसेल तर फर्मवेअर बांधलेच जात नाही. आमच्या स्टार्टरमध्ये पहिले काम कॉन्टॅक्टर सोडण्याचे असेल, दुसरे कारण ईईप्रॉममध्ये नोंदवण्याचे आणि तिसरे वॉचडॉगकरवी पुन्हा सुरू होण्याचे. ऑटो मोड असेल तर ठरलेल्या विलंबानंतर पंप आपोआप पुन्हा लागेल. बंद राहणे हीच पंपाची सुरक्षित अवस्था आहे, म्हणून हे सोपे जाते. कोल्ड स्टोरेजच्या पंख्यासाठी हाच निर्णय उलटा घ्यावा लागेल.

पहिल्या प्रश्नातली भीती रास्त आहे. पिंपळगावातली माणसे रिले, ट्रान्सफॉर्मर आणि मोडेम बदलतात, ते पुढेही बदलता येतील. फर्मवेअर मात्र आजही त्यांना दुरुस्त करता येत नाही, कारण बनवणारा सोर्स देतच नाही, मग भाषा कोणतीही असो.

सिन्नरमार्गे

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून प्रमाणीकरणाबद्दल थोडे लिहितो. 'रस्टला मानक नाही, म्हणून सुरक्षेच्या कामात चालत नाही' हे वाक्य अजून बैठकांत ऐकू येते, आणि ते आता जुने झाले आहे. फेरोसीन हा रस्टचाच कंपायलर २०२३च्या अखेरीस वाहनांच्या आयएसओ २६२६२खाली एएसआयएल डी आणि औद्योगिक आयईसी ६१५०८खाली एसआयएल ४ या सर्वांत कडक पातळ्यांसाठी पात्र ठरला. अर्थात पात्र कंपायलर म्हणजे पात्र उत्पादन नव्हे. बाकीचा कागदी डोंगर तसाच चढावा लागतो. पंपाच्या स्टार्टरला यातले काहीच लागत नाही, त्यामुळे तो खर्च करू नये.

सातपूरकरांनी ७० टक्क्यांच्या आकड्यावर घेतलेला आक्षेप मला पटतो, पण त्याच्या शेजारचा दुसरा आकडा आपल्या कामाचा आहे. अँड्रॉइडमधल्या सुरक्षादोषांत स्मृतीविषयक दोषांचा वाटा २०१९मध्ये ७६ टक्के होता आणि २०२४मध्ये २४ टक्क्यांवर आला. गूगलने त्यासाठी जुने सी आणि सी++ फेकून दिले नाही. नवे लेखन स्मृतिसुरक्षित भाषांत सुरू केले आणि जुन्याला हात लावला नाही. जुन्या संहितेतले दोष वापरातून सापडत आणि दुरुस्त होत जातात, आणि नव्याने लिहिलेल्या ओळींत ते जास्त असतात, हे त्यामागचे निरीक्षण आहे. लिनक्स कर्नलनेही डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीत रस्टला जागा दिली, तीही नव्या ड्रायव्हरांसाठी.

म्हणून माझे मत असे, की तुमच्याकडे वर्षानुवर्षे चाललेले मोटर संरक्षणाचे सी असेल तर ते तसेच ठेवा. बाहेरून आलेले बाइट जिथे आत शिरतात तेवढाच भाग रस्टमध्ये लिहा, म्हणजे एसएमएस, मोडेमची उत्तरे, मॉडबस आणि ब्लूटूथवरून येणारी सेटिंग. तो भाग स्टॅटिक ग्रंथालय म्हणून बांधून सध्याच्या सी प्रकल्पाला लिंक करता येतो.

दहा-पंधरा वर्षांच्या दुरुस्तीबद्दल: कंपायलरची आवृत्ती प्रकल्पातल्या टूलचेन फाइलमध्ये बांधून ठेवा, कार्गोची लॉक फाइल (ग्रंथालयांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) जपा आणि सर्व ग्रंथालयांचे सोर्स कार्गो व्हेंडर या आज्ञेने स्वतःकडे उतरवून ठेवा. दर सहा आठवड्यांनी येणाऱ्या प्रत्येक नव्या आवृत्तीमागे धावण्याची गरज नाही.

सातपूरकर

एवढाच भाग रस्टमध्ये, हा प्रस्ताव मला विचार करण्याजोगा वाटतो. पूर्ण फर्मवेअर रस्टमध्ये लिहायला निघालेल्यांसाठी मात्र दोन ठिकाणे दाखवून ठेवतो, कारण तिथे भाषेची हमी संपते आणि उत्साही मंडळी ते सांगत नाहीत.

पहिले ठिकाण डीएमए. डीएमए हा प्रोसेसरच्या पाठीमागे स्मृतीत लिहिणारा स्वतंत्र घटक आहे, आणि कंपायलरला तो दिसत नाही. सीमध्ये फंक्शनच्या स्थानिक ॲरेचा पत्ता डीएमएला दिला आणि फंक्शन परतले, तर डीएमए पुढे स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या तात्पुरत्या स्मृतीवर) लिहीत राहतो. रस्टच्या ग्रंथालयांत बफरची मालकीच डीएमएच्या ताब्यात द्यायची आणि काम संपल्यावर परत घ्यायची अशी रचना असते, आणि ती सुंदर आहे हे मान्य करतो. परंतु बफर सोडताना डीएमए थांबवण्याचे काम जर ड्रॉपवर (वस्तू सोडून देताना आपोआप चालणाऱ्या भागावर) ठेवले असेल, तर ते ड्रॉप चालेलच अशी हमी भाषा देत नाही. मेम-फर्गेट हे सुरक्षित समजले जाणारे फंक्शन ते टाळू शकते. म्हणून स्थानिक बफर स्वीकारणाऱ्या ग्रंथालयाकडे संशयाने पाहावे आणि डीएमएला नेहमी स्टॅटिक (कायम एकाच जागी राहणारा) बफर द्यावा.

दुसरे ठिकाण स्टॅक. कॉर्टेक्स-एमच्या नेहमीच्या मांडणीत स्टॅक रॅमच्या वरच्या टोकापासून खाली वाढतो आणि खालच्या बाजूला जागतिक चल असतात. स्टॅक वाढत त्यांच्यात घुसला, तर रस्टमध्येही काहीच कळत नाही आणि वर वर्णन केलेल्या ड्राय रनसारखाच प्रकार घडतो. कंपायलर इथे मदत करत नाही, लिंकर (तुकडे जोडून स्मृतीतली जागा ठरवणारे साधन) करू शकतो. फ्लिप-लिंक नावाचे साधन मांडणी उलटवून स्टॅक तळाशी ठेवते. मग तो संपला की रॅमच्या हद्दीबाहेरचा पत्ता येतो आणि हार्डफॉल्ट (प्रोसेसरने पकडलेली चूक) होतो. कॉर्टेक्स-एम३३सारख्या नव्या चिपांत स्टॅकची मर्यादा सांगणारा रजिस्टरच आहे, तो वापरावा.

कॉलेजरोड

सातपूरकर सरांच्या यादीत पूर्णांकाची भर घालते. डीबग बिल्डमध्ये बेरीज ठरलेल्या बिटांत मावली नाही की पॅनिक होते, रिलीझ बिल्डमध्ये ती निमूट फिरून शून्याकडून सुरू होते. विलंब मोजणाऱ्या काउंटरसाठी रॅपिंग (फिरून येणारी), सॅच्युरेटिंग (टोकाला अडणारी) किंवा चेक्ड (चूक कळवणारी) यांपैकी काय हवे ते उघड लिहावे.

अंबडचा फर्मवेअरवाला

चर्चेनंतर आमचा बेत असा ठरतो आहे. मोटर संरक्षणाचे तपासलेले सी तसेच राहील, तिन्ही फेजच्या किमती मात्र त्यात इंटरप्ट थांबवून एकत्र वाचल्या जातील. मोडेम आणि एसएमएसचा भाग रस्टमध्ये नव्याने लिहिला जाईल. चिप कॉर्टेक्स-एम४ची आहे, आणि सी प्रकल्प हार्डवेअर फ्लोटने (दशांश गणित चिपमधल्या घटकाकडून करण्याच्या पद्धतीने) बांधलेला आहे, म्हणून रस्टचे टार्गेटही त्याच पद्धतीचे, ईएबीआयएचएफच घ्यावे लागेल, नाहीतर लिंकर दोन्ही जोडणार नाही. पॅनिक झाल्यास रस्टने सीमधले कॉन्टॅक्टर सोडणारे फंक्शन बोलवायचे आणि वॉचडॉगची वाट पाहायची. सीने रस्टला पत्ता आणि लांबी द्यायची, रस्टने त्याची स्लाइस (पत्ता आणि लांबी एकत्र बांधलेली जोडी) करून पुढे काम करायचे. यात कुणाला खोट दिसते का?

सातपूरकर

खोट त्या शेवटच्या वाक्यातच आहे. पत्ता आणि लांबी यांपासून स्लाइस बनवणारे फंक्शन अनसेफ आहे, आणि सीने सांगितलेली लांबी खरी आहे असे ते गृहीत धरते. ती लांबी तुम्ही स्ट्रलेनने (शून्य बाइट येईपर्यंत मोजणाऱ्या फंक्शनने) काढून दिलीत आणि मोडेमच्या उत्तरात शेवटचा शून्य बाइट आलाच नाही, तर रस्ट बफरच्या पलीकडची स्मृतीही निर्धास्तपणे वाचेल. लांबी यूएआरटीच्या (सिरियल जोडणीच्या) ड्रायव्हरने मोजलेल्या बाइटांची द्या, आणि ती बफरच्या आकारापेक्षा मोठी नाही हे स्लाइस बनवण्यापूर्वी रस्टच्या बाजूलाच तपासा. बफरचा आकार तिथे स्थिरांक म्हणून लिहिलेला असावा आणि सीच्या हेडरमध्ये तो सीबाइंडजेन या साधनाने त्याच स्थिरांकावरून उतरवावा, म्हणजे दोन ठिकाणी दोन आकडे राहणार नाहीत. पत्ता शून्य नाही हेही तिथेच पाहा. चाचणीसाठी ७० अक्षरांचा मराठी संदेश तर पाठवाच, शिवाय संदेश येत असताना मध्येच मोडेमचा पुरवठा तोडून पाहा.